नळ्या कोरड्या केल्या

कारखाना कॉलनी, ता. सोनपेठ
२८ नोव्हेंबर २०२३

लिंबाजीमामांस,
सप्रेम जयभीम.

परवा फोन केला होता. मामींनी तो तुमच्या कानाला लावला आणि तुम्ही तिकडून "मोळी टाकली का, मोळी टाकली का" एवढंच विचारत राहिलात. मी हो हो म्हणून ओरडत होते आणि लॅबमधली माणसं हसत होती. शेवटी मामी म्हणाल्या, बाई, कागदावरच लिही, तेवढंच यांना ऐकू येतं. टर्बाइननं तुमचे कान खाल्ले, त्याचा दंड मला.

तर मोळी टाकली. हंगाम सुरू होऊन अठरा दिवस झाले. उसाच्या चिपाडावर बॉयलर पेटलाय, वीज बाहेर जायलीय, सगळं रीतसर आहे. फक्त कंडेन्सरमधून परत येणारं पाणी मला बरं दिसत नाही. रोज सकाळी तपासते, रोज त्यात क्षार थोडे वाढलेले असतात.

मी दहावीत असताना तुम्ही गेटपास काढून मला कंडेन्सर दाखवला होता, आठवतं का? साडेतीन हजार पितळी नळ्या. तुम्ही म्हणालात, नळीच्या आत गोदावरीचं पाणी, नळीच्या बाहेर टर्बाइनमधून आलेली वाफ. वाफ थंड होऊन तिचं पाणी झालं की ते चोख पाणी परत बॉयलरला. नदीचं पाणी आणि हे पाणी, दोघांनी एकमेकाला शिवायचं नाही. "जन्मात एवढी एकच शिवाशिव मी पाळतो," असं म्हणून तुम्ही मोठ्यानं हसला होतात. मला वाटतं आता कुठल्यातरी नळीत ती मोडलीय.

मी पॉवर हाउसच्या महारुद्र साहेबांना म्हटलं, अर्धा कंडेन्सर बंद करून उघडू, तुमच्या पद्धतीनं उदबत्ती लावून गळकी नळी शोधू. ते म्हणाले, बाहेर उसाच्या गाड्यांची रांग बघा आणि मग बोला. चार वर्षं मी कंत्राटावर आहे. मार्चमध्ये कायम करायच्या यादीत माझं नाव आहे, तुमच्या सिद्धोधनदादाचंही. म्हणून फार ताणलं नाही. पण हे पाणी बॉयलरला लागलं तर त्याच्या नळ्या टिकायच्या नाहीत, हे तुम्हीच मला शिकवलंय. काय करू ते सांगा.

आई बरी आहे. तुमची आठवण रोज काढते.

तुमची भाची,
सुकेशनी


पिंगळी
५ डिसेंबर २०२३

चि. सुकेशनीस,
जयभीम.

कागद पोचला. सूनबाईनं वाचून दाखवते म्हणलं, मी म्हणलं कागद दे इकडं, डोळे अजून शाबूत हायत.

तू लय घाबरट झालीस. चार आकडे वाढले की तुमी शिकलेली माणसं कंडेन्सर उघडायला निघता. आमच्या टायमाला लॅब म्हणजे एक टेबल आन दोन बाटल्या होत्या. मी जिभेला थेंब लावून सांगायचो नळी गळाली का न्हाई. तुझा तो साहेब नवा होता तवा त्याला इचार, कंडेन्सरचा डॉक्टर कोण होता म्हणून.

उघडू नको. हंगामात उघडायचं म्हणजे दोन दिवस अर्धी वीज जाणार आन सगळं खापर तुझ्यावर. मी सांगतो तसं कर. लाकडाचा बारीक भुसा आण, चाळून घे. नदीचं पाणी जिथून कंडेन्सरात शिरतं तिथं पंपाच्या तोंडाला एक-दोन घमेली सोड. नळीच्या भायेरच्या अंगाला व्हॅक्यूम असतो, जिथं भोक असंल तिथं भुसा आपोआप वढला जातो आन बसतो. संध्याकाळी पाणी तपास, मग मामाला नावं ठेव.

सिद्धोधनला संगट घे, त्याला म्या शिकवलंय. नोंदीबिंदीच्या भानगडीत पडू नको. साहेबाला तोंडी सांग, तो न्हाई म्हणणार न्हाई.

तुज्या आईला, सरजाला म्हणावं गुडघ्याला तेल लाव, फुकट कुरकुर करू नको.

तुजा मामा,
लिंबाजी


कारखाना कॉलनी
२० डिसेंबर २०२३

मामा, जयभीम.

तुम्ही खरंच डॉक्टर आहात. दोन घमेली भुसा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी चोख. मी तीनदा तपासलं, मला खरं वाटेना. साहेबांनी पाठ थोपटली, वर म्हणाले, नोंद करू नका, हेडऑफिसवाले नसते प्रश्न विचारतात. दादा भुसा टाकताना सगळ्यांना सांगत होता, हा बाबांचा इलाज.

पण पाच दिवसांनी आकडा परत चढला, आणि आम्ही परत भुसा टाकला. काल तिसऱ्यांदा. मामा, हे बरं दिसत नाही. संक्रांतीला कारखाना सफाईसाठी एक दिवस थांबतो, तेव्हा तरी झाकण काढून बघावं म्हणते. कपाटात तुमचा जुना नळ्यांचा नकाशा सापडला. त्यावर लाल पेनानं बूच मारून बंद केलेल्या नळ्या दाखवल्यात, अकरा. किती नीट काढलाय. तो घेऊनच आत शिरेन.

सुकेशनी


पिंगळी
२७ डिसेंबर २०२३

चि. सुकेशनीस, जयभीम.

एकदा सांगितलेलं कळत न्हाई का तुला? एक दिवसात ते झाकण निघत न्हाई. बोल्ट जाम झालेले असतेत. एखादा तुटला तर हंगाम बंद पडंल आन साहेब तुला गेटाभायेर काढंल. पट्टा पडून हंगाम संपंस्तोवर दम धर. एप्रिलात खुशाल उघडा. तवर भुसा टाकत राहा, थोडा जास्त टाक.

नकाशा जुना हाय. त्याच्या भरवशावर राहू नको, कपाटातच राहू दे.

तुला मार्चात कायम व्हायचंय का न्हाई? सिद्धोधनला बी व्हायचंय. त्याची दोन लेकरं हायत. दोघांनी गप गुमान काम करा.

मला सर्दी झालीय. जास्त लिहीत न्हाई.

लिंबाजी


सोनपेठ
६ फेब्रुवारी २०२४

लिंबाजीमामांस,

एवढे दिवस लिहिलं नाही.

मी संक्रांतीला कंडेन्सर उघडला नाही. तुमचं ऐकलं. एकवीस जानेवारीला दुपारी बॉयलरची नळी फुटली. आतून क्षारांचा थर बसून ती तापली होती. खाली राखेच्या दारापाशी बिरूदादा राख ओढत होता. आपल्या वस्तीतला, बानूबाईचा नवरा. दार उचकटून वाफ आणि तापलेली राख त्याच्या अंगावर आली. तोंड वाचवायला त्यानं दोन्ही हात पुढं केले. नांदेडला नेलं. जीव वाचलाय, पण दोन्ही हातांची बोटं एकमेकांना चिकटलीत. दवाखान्यात तो बायकोला एकच विचारत होता, होळीनंतर मेंढ्या कातरायच्यात, मला कातर धरता येईल का. बानूबाई म्हणाली, येईल. डॉक्टरांनी आधीच तिला नाही म्हणून सांगितलं होतं.

कंडेन्सर उघडायलाच लागला मग. मी नकाशा घेऊन आत गेले. तुमच्या लाल खुणा अकरा आणि प्रत्यक्षात बुचं त्रेसष्ट. बावन्न बुचं कुणाच्या कागदावर नाहीत. साहेबांनी माझ्याकडं बघितलं, मी बुचं परत पहिल्यापासून मोजली. बाहेरून माणसं आली, त्यांनी नळ्यांत यंत्राची तार घालून तपासलं. शेकडो नळ्यांना आतून खड्डे पडलेत, सगळे तळाच्या बाजूला, एका रेषेत. ती माणसं म्हणाली, हे या वर्षाचं नाही, कधीतरी या नळ्यांत पाणी महिनोन्‌महिने साचून राहिलं असणार. वाहतं पाणी पितळाला काही करत नाही, साचलं की गाळ बसतो आणि गाळाखाली पितळ कुरतडलं जातं. हेही मला पहिल्यांदा तुम्हीच सांगितलं होतं.

पण चौकशीत नळ्यांबद्दल कुणी बोलत नाही. चौकशी भुशाची चाललीय. भुसा कुणी टाकला, कुणाच्या हुकमावरून, नोंद का नाही. साहेब म्हणतात, मला माहीतच नव्हतं. त्यांचंही एक वेळ समजू शकते. दादानं लेखी जबाब दिलाय, "मॅडमनी सांगितलं म्हणून टाकला." मामा, त्यानं मला मॅडम म्हटलंय. लहानपणी एका ताटात जेवलो आम्ही. आणि तुमचं नाव त्या जबाबात कुठंच नाही.

मीही अजून तुमचं नाव घेतलेलं नाही. भुशानं भोक बुजलं नव्हतं, नुसता माझा आकडा बुजला होता, हे मला कळायला हवं होतं. ती माझी चूक मी कबूल करते. पण ती बावन्न बुचं कुणाची, आणि पाणी कधी साचलं होतं, एवढं तुम्हाला माहीत असेल तर सांगा. तुमच्याशिवाय त्या कंडेन्सरला कुणी हात लावत नव्हतं.

सुकेशनी


पिंगळी
१४ फेब्रुवारी २०२४

चि. सुकेशनीस,

बिरूचं वाचून लय वाईट वाटलं. दोन दिवस जेवण गेलं न्हाई.

बुचाचं म्हणशील तर कुणीबी मारले असतील. माझ्यामागं बी फिटर आले की. मला रिटायर होऊन पाच वर्सं झाली, आता काय आठवणार. पाणी साचायचं काय कारण न्हाई. दर साली पट्टा पडला की म्या पाणी काढून, हवा मारून नळ्या कोरड्या करायचो. रजिस्टरला नोंद हाय, काढून बघ.

सिद्धोधनवर राग धरू नको. लेकराबाळाचा माणूस. जबाबात काय लिहायचं ते म्याच त्याला सांगितलं. तू शिकलेली हायस, तुला दुसरीकडं कुठंबी नोकरी भेटंल. त्याला कोण देणार?

भुश्याचं माझं नाव घेतलंस तरी कोण इचारतंय बहिऱ्या म्हाताऱ्याला. पण कँटीनात माझा फोटो लावलाय, आदर्श कामगार म्हणून. तेवढी इज्जत राहू दे.

लिंबाजी


सोनपेठ
१९ फेब्रुवारी २०२४

मामा,

रजिस्टर बघितलं. दर साली नोंद आहे, खरं आहे. दोन हजार सोळाचीही आहे, तुमच्या टपोऱ्या अक्षरात: "संपूर्ण पाणी काढले. हवा मारून नळ्या कोरड्या केल्या." खाली महारुद्र साहेबांची सही. मी ते वाचून तुमच्यावर संशय घेतल्याची लाज वाटून घरी आले.

आणि घरी आई बसली होती. नोकरी जाणार म्हणून ती मला धीर देत होती, म्हणाली, यापेक्षा वाईट दिवस बघितलेत आपण, सोळाच्या उन्हाळ्यात बोअर आटले, टँकर आठ दिवसाला यायचा, तेव्हा लिंबाजीनं नसतं पाजलं तर वस्ती उठून गेली असती. मी विचारलं, कसं पाजलं? आई सगळं सांगत बसली, मोठ्या अभिमानानं. कंपाउंडच्या भिंतीतून एक पाइप येतो, त्याला तुम्ही चावी बसवली होती. रोज पहाटे आपल्या गल्लीतल्या बायका आणि बानूबाईच्या मेंढवाड्यातल्या बायका एका रांगेत घागरी लावायच्या. आधी कोण, मागे कोण, यावरून एकदाही भांडण झालं नाही, म्हणाली. मार्चपासून दसऱ्यापर्यंत.

मामा, मला तो पाइप माहीत आहे. तो कंडेन्सरचा तळाचा पाइप आहे. कूलिंग टॉवरच्या टाकीतलं पाणी भिंतीपर्यंत यायला दुसरा रस्ताच नाही, ते कंडेन्सरच्या नळ्यांमधूनच येतं. म्हणजे सात महिने नळ्या भरलेल्या होत्या. दिवसातून तासभर चार घागरी जाणार, बाकी पाणी जागच्या जागी. आणि रजिस्टरला तुम्ही लिहिलंत, कोरड्या केल्या.

मी तेव्हा बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते. त्याच पाण्यानं आंघोळ करून मी परभणीला कॉलेजात जात होते. त्यामुळं पाणी दिलंत याबद्दल तुम्हाला बोलायला माझं तोंड नाही, आणि बोलायचंही नाही. त्या वर्षी तुमच्या जागी मी असते तर मीही चावी सोडली असती. पण नंतर खरं सांगायचं होतं. नळ्या गळायला लागल्या तेव्हा सांगायचं होतं. तुम्ही गुपचूप बुचं मारत गेलात आणि नकाशावर खूण केली नाही. आणि नोव्हेंबरात मी विचारलं तेव्हा मला भुसा सांगितलात. मला वाटलं मामा मला वाचवतोय. तुम्ही झाकण उघडू देत नव्हतात.

आता नीट वाचा. चार मार्चला कमिटी बसणार आहे. बारा मार्चला जुन्या नळ्या भंगारवाल्याच्या ट्रकमध्ये चढणार, नव्या स्टीलच्या येणार. नळ्या आवारात आहेत तोवर तुमच्या बोलण्याला पुरावा आहे, तळाचे खड्डे कुणालाही दिसतात. त्या गेल्या की काही उरणार नाही. माझ्या नोकरीसाठी तर म्हणतेच आहे, खोटं कशाला बोलू. पण साहेब आता बिरूदादाच्या माणसांना सांगताहेत की एका पोरीच्या मूर्खपणानं हे झालं. त्याला निदान खरं कळू दे.

चार तारखेला या. मी स्टँडवर उभी राहते.

सुकेशनी


पिंगळी
२१ मार्च २०२४

सुकेशनीस,

चारला आलो न्हाई. तुझा कागद उशीखाली ठेवून रोज काढून वाचत होतो. सिद्धोधनची ऑर्डर सतरा तारखेला निघायची होती. म्हणलं एवढी निघू दे, मग जाऊन कबूल होतो, मग मला फाशी द्या. असं म्हणून एकेक दिवस काढला. तू स्टँडवर उभी होतीस का? असशीलच.

तुझं सगळं बरोबर हाय. नळ म्याच काढला. सरजा एक दिवस फाटकाशी आली, हातात रिकामी घागर, नुसती उभी राहिली. त्याच दिशी चावी बसवली. साहेबाला तवा सांगितलं असतं तर त्यानं बंद केलं असतं. पट्टा पडल्यावर रजिस्टर सहीला आलं, दर सालचं वाक्य लिहून टाकलं. साहेबानं न बघता सही केली. मनाला लावलं न्हाई. दोन सालानं नळ्या गळायला लागल्या तवा कळलं काय करून बसलो ते. उदबत्ती घिऊन मी एकटा आत शिरायचो, धूर ज्या नळीत वढला जायचा तिला बूच मारायचो. नकाशावर खूण केली असती तर साहेबानं इचारलं असतं, एकदम एवढ्या कशा गेल्या. रिटायर व्हायला वरीस राहिलं होतं. शाल, फोटो, भाषण. मला ते पाहिजे होतं. खोटं सांगत न्हाई.

अठरा तारखेला आलो. घरी कुणाला सांगितलं न्हाई. पिंगळीहून परभणी, तिथून सोनपेठची बस. गेटवरच्यानं वळखलं, आत सोडलं. शेडमागं बघितलं तर जागा झाडून काढलेली. नळीचा एक तुकडा बी न्हाई. तू लिहिल्याली तारीख मला पाठ होती, तरी बघितलं.

महारुद्र साहेब आन हेडऑफिसचे दोघं बसले होते. मी उभं राहून सगळं बोललो, सोळा सालापासून. मोठ्यानं बोललो असंल, भायेरचे लोक दारात जमले. ते तिघं काय म्हणायले मला ऐकू येईना. मग साहेबानं रजिस्टर मागवलं, ते पान काढून माझ्याम्होरं ठेवलं आन एका कागदावर लिहून दिलं. तो कागद संगट घातलाय, तू वाच. "लिंबाजी, ही नोंद तुमच्या हातची आहे ना? नळ्या कोरड्या होत्या. भाचीला वाचवायला या वयात खोटं बोलू नका."

मी म्हणलो नोंद खोटी हाय. त्यांनी हसून मान हलवली. सहीवर बोट ठेवलं. एकानं पाठीवर हात ठेवून मला दारापर्यंत आणून सोडलं, चहा पाजा म्हणून शिपायाला खूण केली. सुकेशनी, जलमभर मी त्या जागी जे सांगितलं ते लोकांनी मानलं. हे एकच खरं न्हाई मानलं, आन ते बी माझंच अक्षर दाखवून.

शिपाई म्हणला, तुला पंधरालाच काढलं. वस्तीकडं यायला पाय उचलंना. कँटीनात फोटो अजून हाय. परतीची बस धरली.

आता काय करू ते तू सांग. तू म्हणशील ते लिहून देतो, अंगठा देतो, काय पाहिजे ते देतो.

लिंबाजी


वस्ती, सोनपेठ
२ एप्रिल २०२४

लिंबाजीमामांस,

चार तारखेला मी स्टँडवर दुपारपर्यंत उभी होते. परभणीच्या तीन गाड्या बघितल्या. दुपारी दोनला कमिटीपुढं गेले, भुसा मी टाकला असं कबूल केलं आणि सही दिली. तुमचं नाव घेतलं नाही. तुम्ही स्वतः सांगितलं तरच त्याला किंमत होती, माझ्या तोंडून ते म्हाताऱ्यावर ढकलल्यासारखं झालं असतं. दादाची ऑर्डर निघाली, तो आईच्या पाया पडायला आला होता. आईनं चहा केला. मी आतल्या खोलीत होते, तो गेल्यावर बाहेर आले.

तुम्ही विचारलंय आता काय करू. आधी हे ऐका.

बिरूदादा घरी आलाय. परवा मी गेले होते. एवढ्या दिवसांत जायची हिंमत होत नव्हती, त्यांना सांगितलं गेलंय की मीच ती. बानूबाई मेंढ्या घेऊन नुकतीच आली होती. आता मेंढ्यांमागे तीच हिंडते. मला बघून तिनं तोंड फिरवलं, पण बस म्हणाली. मी बसले आणि सगळं सांगितलं. भुसा, बुचं, नळ, सोळाचा उन्हाळा, रजिस्टर. काही लपवलं नाही. मला वाटलं ती चिडेल, शिव्या देईल. मला तेवढं तरी हवं होतं.

तिनं सगळं ऐकलं. उठून मेंढ्यांना पाणी दाखवून आली, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "आमीच नेलं की गं ते पाणी. घागरी भरभरून नेलं. मग आमच्याच हातानं झालं म्हण."

खाटेवरून बिरूदादानंही मान हलवली. दोघांना ते पटल्यासारखं दिसलं. बानूबाई म्हणाली, लिंबाजीदादाला बोल लावू नको, त्या साली माझी दीडशे मेंढरं त्यानं जगवली. मी परत परत सांगितलं, पाणी नेणं ही चूक नव्हती, पाणी देणंही नव्हती. ती म्हणाली, आता जाऊ दे, आमी नेलं नसतं तर नळ्या कोरड्या राहिल्या असत्या. एवढं तिला बरोबर समजलंय, आणि त्याच्या पुढचं ती ऐकून घेत नाही.

कंपनीनं तो भिंतीतला पाइप मागच्या आठवड्यात वेल्डिंग करून बंद केला. बायका अजून त्या जागेला लिंबाजीचा नळ म्हणतात. आई तर येईल त्याला ती गोष्ट सांगते. तिला मी यातलं काही सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. तिच्याजवळ भाऊ म्हणून जेवढं उरलंय ते असू दे.

मामा, कमिटीनं तुमचं खरं मानलं नाही याचं तुम्हाला फार लागलंय. मला त्याचं काही वाटत नाही. ती माणसं कुणाचंच मानत नाहीत, आणि त्या पानावर साहेबांचीही सही आहे. पण इथं एक बाई आहे, ती तुमचा शब्द मानते. तुमचा सोडून दुसऱ्या कुणाचा मानत नाही. जळालेला नवरा समोर ठेवून ती स्वतःला दोष देत बसलीय. तुमच्या एका खोट्या ओळीचं ओझं ती घागरीसारखं डोक्यावर घेऊन चाललीय, आणि वर तुम्हाला दुवा देतेय. माझी नोकरी गेली, दुसरी मिळेल किंवा नाही मिळणार, त्याचा हिशोब मी तुमच्याकडं मागत नाही. हे मात्र तुम्हीच येऊन तिच्या डोक्यावरून उतरवायचं आहे. तिच्यासमोर बसून म्हणायचं, बाई, पाणी तुझं होतं, खोटं माझं होतं. आणि बिरूदादाचे हात बघायचे.

कान नाहीत म्हणून सबब सांगू नका. तिथं ऐकायचं काही नाही, सांगायचं आहे.

या पत्राला उत्तर लिहू नका. आलं तर मी फोडणार नाही. सोनपेठची गाडी परभणीहून सकाळी सुटते, ती तुम्हाला माहीत आहे. या वेळी मी स्टँडवर येणार नाही. बानूबाईचं घर तुम्हाला माहीत आहे, नळापासून तिसरं.

सुकेशनी